बारवेचं पाणी आणि पहिली धार

दारुडा तुम्ही ठरवलंत त्याला. वाडीनं नाही, बायकोनं नाही, कलालिणीनं तर नाहीच नाही. तुम्ही! कचेरीत लोडाला टेकून, पंख्याची दोरी ओढणाऱ्याला 'जरा जोरात' म्हणत म्हणत तुम्ही लाल शाईनं लिहिलंत : 'अर्जदार शराबी आहे. अर्ज दाखल दफ्तर.' म्हणजे गेला बासनात. माणूस कोण, मागतो काय, कुणासाठी मागतो, काही बघितलं नाहीत. आणि याच माणसानं चार महिने आधी एक अर्ज खरोखरच झिंगलेल्या डोक्यानं केला होता, त्याला मात्र आठ दिवसांत मंजुरी दिलीत. दारू मागितली तेव्हा शहाणा, पाणी मागितलं तेव्हा दारुडा. हा कुठला इन्साफ? आता आम्हा वाडीकरांकडून सगळं ऐका. मधे उठू नका.

गहिनीनाथ हिंगणवाडीचा. नांदूरघाटाहून दीड कोसावर माळाच्या उताराला बेचाळीस उंबऱ्यांची वाडी, खाली एक बारव, वर मेंढरांचे वाडगे. जात धनगराची. विशीत घोंगड्या विकायला हैदराबादेला गेला, तिथं एका म्हाताऱ्या डॉक्टरानं घोंगडीही घेतली आणि घोंगडीवालाही ठेवून घेतला. काम काय, तर काचा धुवायच्या. अकरा वर्षं धुतल्या. पण काचा धुता धुता एक दिवस त्यानं बारकं मोठं दाखवणाऱ्या खुर्दबिनीला डोळा लावला आणि मग तो डोळा काही वाडीच्या कामाचा राहिला नाही. डासाचा पाय बघ, दह्याचं पाणी बघ, स्वतःच्या दातावरची कीट बघ आणि दोन दिवस जेवू नको, असं चाललं. वाचायला दुकानांच्या पाट्यांवरून शिकला, लिहायला औषधांच्या बाटल्यांवरून. डॉक्टर मेला तेव्हा त्याच्या लेकांनी घर विकलं आणि 'हे पितळ तू ने' म्हणून खुर्दबीन याच्या अंगावर टाकली. गहिनीनाथानं ती कांबळ्यात गुंडाळली आणि बैलगाडीत सबंध वाट मांडीवर घेऊन वाडीत आणली. नव्या नवरीला कुणी इतकं जपून आणलं नसेल. हे त्याची बायको सुभद्राबाईच म्हणायची, कारण तिला आणली तेव्हा ती चालत आली होती.

वाडीनं त्याचं नाव खुर्दबिन्या ठेवलं. राग नव्हता त्यात. एकाला गळू असतं, एकाला खुर्दबीन.

आता नारू. तुमच्या गादीवर तो येत नाही, म्हणून सांगावं लागतं. फाल्गुन लागला की पायावर फोड येतो, आग आग होते. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी डोकावते. चांगली दोन हात लांब. ओढली तर तुटते, आणि तुटली की पाय पखालीसारखा सुजतो. म्हणून ती काडीला गुंडाळायची, रोज दोन बोटं. पंधरा दिवस, महिना, माणूस खाटेवर, काडी पायाला. त्या साली, फसली तेराशे सव्वीसला, हिंगणवाडीत एकतीस माणसं खाटेवर होती. मेंढरं चारायला माणूस मिळेना. कुत्री मेंढरं घेऊन जायची आणि कुत्रीच परत आणायची.

सुभद्राबाईला तीन उन्हाळे लागोपाठ निघाला होता. पहिल्यांदा घोट्याला, दुसऱ्यांदा पोटरीला आणि या खेपेला गुडघ्यालाच. पाटोद्याचा वैदू काडी गुंडाळून गेला आणि जाताना म्हणाला, "बाई, आणखी एकदा याच गुडघ्यात निघाला तर पाय कायमचा आखडंल. मग बसून सरकायचं."

सुभद्राबाई हसली होती. "बसून मेंढरं कशी राखायची ते बी सांगून जा की."

पण वैदू गेल्यावर ती भिंतीकडं तोंड करून निजली, ते गहिनीनाथानं बघितलं. त्या दिवसापासून त्याला दुनियेतली एकच गोष्ट पाहिजे होती : पुढच्या फाल्गुनात बाईचा पाय जमिनीवर टेकला पाहिजे.

डॉक्टर सांगायचा की नारूचं बी पाण्यात असतं, पाण्यातल्या एका किड्याच्या पोटात. त्यावर उपाय काय, हे सांगायला लागला की नेमका त्याला दम्याचा ठसका यायचा. अकरा वर्षांत तो ठसका काही ओलांडला गेला नाही. गहिनीनाथानं बारवेचं पाणी काचेवर घेऊन बघितलं, तर खरंच किडे. एका डोळ्याचे, मागं अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताहेत, टुणटुण उड्या मारताहेत. त्यानं वाडीला बोलावून दाखवले. बायका बघून गेल्या आणि म्हणाल्या, गोजिरवाणे हायेत.

"उकळून प्या," तो म्हणाला.

"पाणी काय भुईमुगाच्या शेंगा हाय का उकडायला?" लोक म्हणाले. "सरपण कुणाच्या बापाचं?"

ते खरंच होतं. त्यानं घरी चार दिवस उकळून बघितलं, तर महिन्याच्या गोवऱ्या संपल्या. पाचव्या दिवशी सुभद्राबाई खाटेवरूनच म्हणाली, "आता भाकरी कच्ची खायची का पाणी कच्चं प्यायचं, ते ठरवा."

मग त्यानं शास्त्रज्ञानं करायचं ते केलं. कुणाला नारू निघाला हे सोडलं आणि कुणाला निघत नाही ते मोजलं. घरोघर फिरला. आणि जे सापडलं ते बघून बारवेच्या पायरीवर मटकन बसला. वाडीत अशी माणसं जेमतेम सात, जन्मात कधी नारू न झालेली. त्यातली सहा साखराबाई कलालिणीच्या भट्टीवर पडीक असणारी. त्यात पहिला नंबर तात्याबाचा, त्याच्या लहानपणच्या सवंगड्याचा, जो तांब्या मोरीपुरताच ओळखायचा. आणि सातवी स्वतः साखराबाई.

टाळ मृदंगवाले खाटेवर आणि पिणारे ठणठणीत!

त्यानं तात्याबाला विचारलं, "तात्या, तू पाणी कधी पितोस रे?"

"कावून? आजारी दिसतो का मी तुला?"

गहिनीनाथानं भट्टीवरून शिंपलाभर दारू आणली, एक थेंब काचेवरच्या पाण्यात सोडला आणि डोळा लावला. किडे एकदा उलटे झाले, दोनदा पाय झाडले आणि थंड. तो उठला आणि घरातल्या घरात नाचला. सुभद्राबाईनं खाटेवरून विचारलं, "काय मेलं?"

"नारू मेला, सुभद्रे! नारूचा बाप मेला!"

आता राहिलं माणसाच्या अंगात बघायचं. दुसऱ्यावर करायच्या आधी स्वतःवर करावं, हे डॉक्टर म्हणायचा, आणि हे सांगताना त्याला ठसका येत नसे. गहिनीनाथानं जन्मात थेंब घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी न्याहारी न करता, धुतलेला सदरा घालून, खिशात वही आणि हातात रेघा आखलेला काचेचा गिलास घेऊन तो साखराबाईच्या दारात उभा राहिला.

साखराबाई पन्नाशीची, अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून भरलेली बाई. नवरा गेल्यापासून भट्टी तिनंच चालवली होती. तिनं आधी गिलास बघितला, मग रेघा बघितल्या, मग वही बघितली, आणि तिचं तोंड एकदम गोड झालं.

"या की. बसा की. काय सेवा करू?"

"दीड औंस द्या."

"ते काय असतं? हितं नवटाक न् पावशेर चालतं."

"मग नवटाक द्या. पण रोजच्या गिऱ्हाइकाला देता तीच पाहिजे. तपासायची हाय."

'तपासायची' म्हटल्याबरोबर साखराबाई आत गेली आणि बरोबर तात्याबाच्या गाडग्याला हात न लावता, फडताळामागून वेगळी बाटली घेऊन आली. हे गहिनीनाथानं बघितलं, पण त्याला वाटलं, पाहुणचार.

त्यानं गिलास भरला, रेघ बघितली, प्याला आणि वहीत लिहिलं. ती वही अजून आहे, तुम्हाला पाहिजे तर पाठवतो. पहिली ओळ : 'जीभ चरचरते. नाडी ठीक.' दुसऱ्या नवटाकानंतर : 'कान गरम. भट्टीवरची माशी स्पष्ट दिसते.' तिसऱ्यानंतर : 'साखराबाई फार चांगली बाई आहे, हे शास्त्रात नोंदलं पाहिजे.' चौथ्यानंतर : 'तात्याबा माझा भाऊ. आई वेगळी असेल.' पाचव्यानंतर नुसती एक रेघ आहे. ती पान ओलांडून पुढच्या पानावर गेली आहे, आणि तिथून वहीच्या पुठ्ठ्यावर.

तात्याबा डोळे फाडून बघत होता. "बे गहिन्या, तुला झालंय काय? मी वीस वर्सं पितो, मला पाच नवटाकात साधी ढेकर येत न्हाई!"

"तुला सवय हाय," गहिनीनाथ म्हणाला. निदान त्याला तसं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते मेंढरं हाकायचं 'हुर्रर्र'.

तिथून तो उठला तो थेट चावडीवर गेला, भर बारा वाजता. चावडीत आप्पाराव पोलीस पाटील सुपारी कातरत बसला होता. गहिनीनाथानं सदऱ्याच्या बाहीनं डोळा पुसला, पाटलाची हनुवटी धरली आणि म्हणाला, "पाटील, जीभ काढा."

"आँ?"

"तुमच्या जिभंवर किती जीव हायेत ते मोजायचंय. सरकारात कळवतो. लई असतील. तुमी खोटं बोलता ना, त्याच्यावर वाढतात."

चावडीत बसलेली माणसं हसली, हाच गुन्हा झाला. पाटलानं त्याला दोन माणसांकरवी घरी पोचवला. घरी आल्यावर तो खुर्दबिनीच्या गळ्यात पडून रडला आणि तिला डॉक्टरसाहेब म्हणाला. सुभद्राबाई खाटेवर उठून बसली. पायाला काडी, हाताला लागेल ती वस्तू. हाताला लागली केरसुणी.

"अवो, तुमी पिऊन आलात?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? जोडे खायचे असतील तर तसं सांगा, पिता कशाला!"

त्यानं समजावून सांगितलं, म्हणजे समजावलं असं त्याला वाटलं. शुद्धीवर आल्यावर पुन्हा सांगितलं. आणि मग एक महिना रोज तो धुतलेला सदरा घालून भट्टीवर जाऊ लागला, औषध घ्यायला जावं तसा. एकदा परत येताना आपल्या घराऐवजी मेंढरांच्या वाडग्यात शिरला आणि संध्याकाळपर्यंत कोकरांना किड्याचं शरीर समजावलं. एकदा बारवेच्या तळाशी उतरून किड्यांना ललकारलं, 'या बे एकेक!' आणि पाय घसरून त्यांच्यातच पडला. सहा बायकांनी पदर बांधून बाहेर ओढला. पण वही चुकवली नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र.

बायकोच्याही पाण्यात तो दोन चमचे टाकून ठेवायचा. तिला वास यायचा. ती तोंडावर हो म्हणायची आणि तो पाठमोरा झाला की ते पाणी खाटेशी बांधलेल्या मेंढ्याच्या घमेल्यात ओतायची. मेंढा पंधरा दिवसांत तिच्याशिवाय कुणाला ओळखेनासा झाला.

याच महिन्यात, चैत्र लागता लागता, त्यानं पहिला अर्ज केला. सोळा नवटाक एकदम चढल्यासारखा अर्ज होता तो, आणि अर्ज लिहून देणाऱ्यानं तो तसाच उर्दूत उतरवला : वाडीतल्या प्रत्येक बाई-माणसाला उन्हाळाभर सरकारातून रोज नवटाक दारू मोफत मिळावी, म्हणजे नारू नाहीसा होईल. हा अर्ज बघून तुम्ही त्याला धरून आणायला पाहिजे होतं. निदान एखादा हकीम तरी पाठवायचा. तुम्ही काय केलंत? 'मोफत' एवढा एक शब्द खोडलात आणि आठ दिवसांत कळवलंत की हिंगणवाडीत दारूचं आणखी एक दुकान मंजूर करण्यात आलं आहे, ज्याला पाहिजे त्यानं लिलावाला यावं.

हा कागद घेऊन आप्पाराव पाटील स्वतः आला. अंगणात मान ताठ करून उभा राहिला आणि वाचायला लागला. मेंढा मागून आला. त्याला शिंग होतं एकच, पण त्या दिवशी त्याला पाटील दोन दिसत असावेत. मधोमध दिली. पाटील गोवऱ्यांच्या ढिगात, पागोटं उकिरड्यावर, आणि सरकारी मंजुरी मेंढ्याच्या तोंडात. निम्मी त्यानं खाल्ली. निम्मी त्यालाही गेली नाही.

"तुझं सगळं घरदारच दारुडं हाय!" पाटील ओरडला. "जनावरासकट! कळवतो मी वर!"

आणि त्यानं कळवलं. तुमच्या लाल शाईचा उगम हा, हुजूर. एका मेंढ्याची धडक.

मेंढा झिंगलेला बघून गहिनीनाथाला सगळं समजलं. बायको दारू घेत नव्हती, म्हणजे ती जुनंच पाणी पीत होती. वैशाख तोंडावर आला होता, बारव तळाला चालली होती, आणि पाणी जितकं कमी तितके किडे दाट. तो तिच्याशी पहिल्यांदा जोरात बोलला, "घे म्हणतो ना! पुढच्या साली पाय जाईल तुझा!"

"जाऊ द्या पाय," ती म्हणाली. "पण मी नीट तोंडानं मरीन. त्या साखराबाईला विचारा जावा, ती तरी पिती का ते!"

हे ती रागानं बोलली. पण गहिनीनाथ जागच्या जागी उभा राहिला. वहीत सातव्या नावापुढं त्यानं स्वतःच लिहिलं होतं : 'साखराबाई, कलालीण, अर्थात पिणारी.' विचारलं कुणी होतं?

तो तसाच, सदरा न बदलता, भट्टीवर गेला.

"साखराबाई, तुमी रोज किती घेता?"

"मी?" ती भडकली. "थेंब न्हाई लावला जिभंला! इकणारानं प्यावं का? मग इकायचं कुणी?"

"कधीच न्हाई?"

"माझ्या लेकराबाळांची आण."

म्हणजे दारूशिवायही नारू टळत होता. महिनाभराचं शास्त्र खाली बसलं, आणि गहिनीनाथ त्याच्याबरोबर बसला.  समोर तात्याबाचं गाडगं होतं, त्यानं ते उचलून तोंडाला लावलं. एक घोट, दोन घोट. कान गरम होईनात. आणखी एक घोट. माशी काही स्पष्ट दिसेना. त्यानं तात्याबाकडं बघितलं, गाडग्याकडं बघितलं आणि उरलेली सगळी दारू चुलीवर फेकली.

पहिल्या धारेची दारू चुलीत टाकली तर भडका उडतो. इथं चूल चुर्रर्र म्हणाली आणि विझली.

 साखराबाईचं तोंड राखेसारखं झालं.

"पाणी," गहिनीनाथ म्हणाला.

"हळू बोला, तुमच्या पाया पडते," साखराबाई त्याला ओढत आत घेऊन गेली. "तुमी आबकारीचे न्हाई का? रेघांचा गिलास, वही... मला वाटलं दरोग्यानं पाठवलंय, म्हणून तुमाला पहिल्या धारेची देत आले! महिनाभर! माझी निम्मी भट्टी तुमच्या पोटात गेली की वो! न् हे मुडदे, ह्यांना निखळ दिली तर दोन वर्सांत मरतील, मग मी कुणाला इकू? निम्मं पाणी घालते. माझा सासरा घालायचा, मी घालते."

"कुठलं पाणी?"

"कुठलं म्हंजे? बारवेचंच. हितं काय गोदावरी आलीय?"

गहिनीनाथाच्या डोक्यात तेव्हा जे झालं ते पाच नवटाकानंही झालं नव्हतं. तात्याबा वीस वर्षं बारवेचं पाणी पीत होता. साखराबाई बारवेचं पाणी पीत होती. आणि दोघांच्या पायाला डाग नाही. त्यानं भोवताली बघितलं. रांजण होता. रांजणाच्या तोंडाला जुन्या धोतराचं चौपदरी फडकं बांधलं होतं.

"हे कशाला?"

"गाळायला. पाणी गाळते, मग दारूत घालते, मग पुन्यांदा गाळते."

"पण कशाला?"

साखराबाई त्याच्याकडं अशी बघायला लागली की याला खरंच काही कळत नाही. "अवो, शुद्धीतल्या माणसाला गाडग्यात किडा दिसला तर तो किडा काढून टाकतो. प्यालेल्याला एकाचे चार दिसतात न् तो मला साप पाजला म्हणून हाणामारी करतो. सासऱ्याचं डोकं फुटलं होतं त्याच्यापायी. तवापासनं आमच्यात गाळल्याबिगर गाडगं पुढं सारत न्हाईत."

त्यानं ते फडकं सोडलं, उलटं केलं, चमचाभर पाण्यात खळबळलं आणि ते पाणी एका शिंपल्यात, रांजणातलं गाळलेलं दुसऱ्या शिंपल्यात घेऊन पळत घरी आला. काचेवर थेंब ठेवला. डोळा लावला. किड्यांची जत्रा भरली होती, अंगाला अंग लागत होतं. मग रांजणातला गाळलेला थेंब ठेवला. मोकळं रान. एक सुद्धा नाही.

डॉक्टरचा ठसका शेवटी एका कलालिणीनं ओलांडला.

तो सुभद्राबाईच्या खाटेपाशी गेला आणि म्हणाला, "तुझं जुनं लुगडं दे."

तिनं त्याचं तोंड हुंगलं. वास येत होता. "आता काय, लुगडं नेसून जायचंय का भट्टीवर?"

पण दिलं. त्याच दिवशी घागरीच्या तोंडाला चार पदर बसले.

आता अडचण ही, की वाडीला पटवायचं म्हणजे तात्याबाचं उदाहरण द्यायचं, आणि ते द्यायचं म्हणजे दारूत पाणी हे सांगायचं. गहिनीनाथ साखराबाईला बोलला होता की तुझं नाव काढणार नाही. तो नुसताच 'गाळा, गाळा' म्हणत दारोदार फिरला. लोक म्हणाले, गेल्या महिन्यात प्या म्हणत होतास, आता गाळा म्हणतोस, पुढच्या महिन्यात काय, पेरा?

तिसऱ्या दिवशी साखराबाई स्वतः बारवेवर आली. पाणी भरायची वेळ, सगळ्या बायका तिथं, भट्टीवरची गिऱ्हाइकंही तिच्या मागं. ती वरच्या पायरीवर उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ऐका गं बायांनो! मी ह्या सहा मुडद्यांना वीस वर्सं निम्मं पाणी पाजलंय. ह्याच बारवेचं. फकस्त गाळून. काढा गं त्यांचे पाय बाहेर, बघा एक तरी वण हाय का! माझी भट्टी बुडाली तर बुडू दे, पण हा माणूस खरं बोलतोय."

बायकांनी पाय बघितले. पण तात्याबाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तो पायरीवर बसून हमसाहमशी रडत होता.

"वीस वर्सं," तो म्हणाला. "वीस वर्सं मी पाण्यावर झोकांड्या खाल्ल्या! बायकोचा मार खाल्ला, सासऱ्यानं दारात उभं केलं न्हाई, आन् निम्मं पाणी! निम्मा मार परत कर, साखरे!"

वाडी इतकी हसली की खाटेवरची माणसं काडीसकट बाहेर आली. भट्टी काही बुडाली नाही. तात्याबा दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी निखळ मागून बघितली, गोठ्यात दावणीला डोकं लावून झोपला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "माझी ती नेहमीचीच दे, बाई." गहिनीनाथाचं मात्र सुटलं. वहीत शेवटी लिहिलं आहे : 'दारू बंद. फडकं चालू.'

बेचाळीस उंबऱ्यांपैकी एकेचाळीस घरांनी घागरीला फडकं बांधलं. आप्पाराव पाटील म्हणाला, कलालिणीची रीत पाटलाच्या घरात शिरणार नाही.

पण गाळून सगळं भागत नाही, हे गहिनीनाथाला दिसत होतं. बारवेला पायऱ्या आहेत. नारूवाला माणूस पाण्यात पाय बुडवून उभा राहतो, गार वाटतं म्हणून, आणि अळी तिथंच आपलं बी सोडते. वाटसरू, मेंढके, शेजारच्या वाडीचे, सगळे उतरतात. म्हणून श्रावणात त्यानं दुसरा अर्ज केला. शुद्धीत, धुतलेला सदरा घालून. पायऱ्या बंद कराव्या, वर कठडा बांधावा आणि एक रहाट बसवावा. त्याला तुमचं उत्तर काय ते वर लिहिलंच आहे.

मग थांबण्याशिवाय काही नव्हतं, कारण नारू अंगात वर्षभर दडून बसतो. गहिनीनाथ वरून शांत होता. पण माघ सरला तसा तो रोज सकाळी बायकोच्या आधी उठायला लागला आणि ती उठून बसली की तिचे पाय हातात घेऊन बघायला लागला.

"लोक बघतील ना," ती म्हणायची. "नवरा पाया पडतो म्हणतील."

"म्हणू दे."

फाल्गुनाच्या पाचव्या दिवशी उजव्या तळव्याला फोड दिसला. लाल, मधे पांढरा ठिपका. तिनं पाय पुढं केला.  त्यानं काडी शोधली, कापूस आणला, गरम पाणी आणलं.  फोड फोडला. आत पांढरं टोक दिसलं. चिमटीत धरलं आणि श्वास धरून ओढलं.

बाभळीचा काटा निघाला.

सुभद्राबाईनं काटा बघितला, त्याचं तोंड बघितलं आणि ती असली हसली की मेंढा दावं तोडून पळाला. "गुंडाळा काडीला," ती म्हणाली. "रोज दोन बोटं!"

चैत्र गेला. वैशाख गेला. एकतिसाचे दोन झाले या साली हिंगणवाडीत. एक दूरच्या गावाहून आलेली माहेरवाशीण, आणि दुसरा आप्पाराव पाटील, खाटेवर, पायाला काडी, तोंडाला शिव्या. त्याला काडी गुंडाळायला गहिनीनाथच जातो रोज, आणि पाटील रोज त्याचं तोंड हुंगतो. सुभद्राबाई परवा चालत नांदूरघाटच्या बाजारला गेली, दीड कोस जाऊन दीड कोस आली, आणि येताना डोक्यावर कोंड्याचं पोतं होतं. गहिनीनाथ मागून येत होता, रिकाम्या हातानं, नुसता तिच्या टाचांकडं बघत. इतका सुखी माणूस त्या वाटेवर त्या दिवशी दुसरा नव्हता.

पण काल बायडाबाई आली. पलीकडच्या खिंडीतल्या वस्तीची. दोन्ही पायांना काड्या, ढुंगणावर सरकत सरकत बारवेपर्यंत, आणि तिथं पायरीवर बसून तिनं पाय पाण्यात सोडले. गहिनीनाथ नको नको म्हणेस्तोवर सोडलेच. आग होते तिच्या पायाची, ती काय करील? त्यानं तिला बाहेर काढलं, फडकं दिलं, गाळायचं शिकवलं. ती म्हणाली, वस्तीत आणखी एकवीस जण असेच आहेत आणि पाणी प्यायला सगळे इथंच उतरतात.

कागदावर त्याला दारुडा म्हणा, चोर म्हणा, मेंढ्याचा बाप म्हणा, त्याचं काही अडत नाही. आमचं अडतं. दारूचं दुकान तुम्ही आठ दिवसांत दिलंत. रहाटाला वर्ष होत आलं. एक कठडा, एक चाक, एक दोर. देता का नाही? एका शब्दात लिहून पाठवा, आणि खाली तुमचं नाव घाला.